मदत हवी आहे : पहिलं बाळंतपण दुबईत की गोव्यात?

नमस्कार मंडळी,

मी फोंड्याचा, बायको वाळपईची. कामानिमित्त दुबईत अल कुसैसला राहतो. तिला चोविसावा आठवडा चालू आहे, तारीख १० सप्टेंबर दिलीय. पहिलंच बाळ. मधला मोठा स्कॅन चांगला आला, साखरेची चाचणी झाली तीही नॉर्मल, तेव्हा तब्येतीची तक्रार काही नाही. अडलंय ते बाळंतपण कुठं करायचं आणि मी रजा कधी टाकायची यावर. रोज रात्री गावाकडे कॉल होतो आणि रोज निकाल वेगळा लागतो.

वाळपईकरांचं म्हणणं सरळ आहे, पहिलं बाळंतपण माहेरीच. सासूबाईंनी पेजेचे उकडे तांदूळ आतापासून बाजूला काढून ठेवलेत, मालीशवाल्या बाईलाही सांगून झालंय. माझी आई म्हणते फोंड्याला आणा, डॉक्टर हाकेच्या अंतरावर. दोन्ही विहिणींचं एकमत फक्त एका गोष्टीवर: दुबईत नको, तिथं तुमचं कोण आहे?

आणि ते खोटंही नाही. मी सकाळी सहाला साईटवर जायला निघतो, परत येईपर्यंत संध्याकाळ. दिवसभर ती एकटी. आता उन्हाळा सुरू झालाय, पुढचे तीन महिने पारा ४५ च्या आसपास. डॉक्टरनी रोज चालायला सांगितलंय, तर आम्ही रात्री जेवून मॉलमध्ये फेऱ्या मारतो. सिक्युरिटीवाला आता ओळखीचा झालाय, "आज लेट?" म्हणून विचारतो.

बायकोचं स्वतःचं मत मात्र पक्कं आहे. ‘जन्म इथं, बाळंतपण तिथं.’ कळा सुरू झाल्या की तू जवळ पाहिजेस, नंतर मला आई पाहिजे, असं तिनं सगळ्यांसमोर सांगितलंय. इथल्या डॉक्टरवर तिचा विश्वास बसलाय, आणि लेबर रूममध्ये नवऱ्याला घेतात हे आम्ही विचारून आलोय. मला हे पटतं. पण पटलं म्हणून जमतं असं नाही, कारण हिशेब असा आहे:

इथल्या कायद्यानं बापाला रजा मिळते ५ कामाच्या दिवसांची, बाळ झाल्यावर सहा महिन्यांत कधीही घ्यायची. वर्षाची रजा ३० दिवस. ती मी अख्खी राखून ठेवलीय. बायको गोव्याला गेली तर हे ३० दिवस तारखेच्या आधी लावायचे की नंतर? आधी गेलो आणि बाळ रेंगाळलं, तर डायपर बदलायची वेळ येईपर्यंत मी परत साईटवर. नंतर जायचं ठरवलं आणि ते आधीच आलं, तर जन्माची बातमी मला हेल्मेट डोक्यावर असताना व्हॉट्सॲपवर कळणार.

विमानवाले साधारण २८-२९ आठवड्यांपासून डॉक्टरचं पत्र मागायला लागतात आणि ३६ नंतर बहुतेक कंपन्या घेतच नाहीत. म्हणजे पाठवायची तर जून-जुलैमध्ये. तेव्हा इथल्या शाळांना सुट्टी, तिकिटं आभाळाला. आणि तिकडे पावसाचा जोर. वाळपईच्या सत्तरी तालुक्यातला पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. वाळपईहून बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) पोचायला कोरड्या दिवसातही तासाहून जास्त लागतो. मध्यरात्री धो धो पावसात रस्त्यावर झाड आडवं पडलंय, असं चित्र माझं डोकं मला रोज झोपताना दाखवतं.

तिचा व्हिसा माझ्या स्पॉन्सरशिपवर आहे. सलग १८० दिवसांपेक्षा जास्त देशाबाहेर राहिली तर तो जाण्याची भीती. विमाही मीच काढलाय, साधाच, मॅटर्निटीला १०,००० दिरहमची मर्यादा. नॉर्मल झालं तर निभावेल. सिझेरियन झालं तर वरचे खिशातून.

त्यात यंदा चवथ (गणेश चतुर्थी) १४ सप्टेंबरला. आमचा गणपती मूळ घरी, सगळ्या भावबंदांचा मिळून एक. बाळ तारखेला आलं तर सोयर नेमकं चवथीवर. बाबा काही बोलत नाहीत, पण "डॉक्टरनी तारीख नक्की दहाच दिलीय ना?" असं दोनदा विचारून झालंय. जणू मी बदलून घेऊ शकतो.

जाता जाता एक. इथं स्कॅनच्या वेळी डॉक्टरांनी मुलगा की मुलगी ते सांगितलं, इथं त्याला बंदी नाही. गावी आम्ही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. कळलं की त्याच रात्रीपासून नावांवर मतदान सुरू होईल. आणि हो, माशाच्या वासानं तिला उलटी होते म्हणून आमच्या घरात कित्येक महिने बांगडा तळलेला नाही. गोंयकाराला याहून मोठा त्याग सांगू नका. मी ऑफिसजवळच्या हॉटेलात चोरून फिश थाळी खातो आणि घरी जायच्या आधी दोनदा हात धुतो.

तर अनुभवी लोकांनी कृपया सांगावं. तिच्या म्हणण्याप्रमाणे जन्म इथं करून दीड-दोन महिन्यांच्या बाळाला घेऊन गोव्याला जाता येतं का? कागदपत्रं तेवढ्यात होतात का? आणि गोव्यातच करायचं ठरलं, तर रजा आधी की नंतर?

— फोंडेकार

शारजाबाब:
आमचं पहिलं इथंच झालं, तेव्हा कागदांचं मी सांगतो. सगळ्यात आधी लग्नाचा दाखला काढून बघ. त्यावर भारतातलं परराष्ट्र खातं आणि तिथल्या यूएई दूतावासाचं अटेस्टेशन, म्हणजे दाखला खरा असल्याचा शिक्का, आहे का? बायकोचा व्हिसा काढताना केलं असशील तर प्रश्न मिटला, तोच दाखला इस्पितळातही लागतो. माझ्या मित्राकडे सिव्हिल रजिस्ट्रारचा नुसता दाखला होता, सह्या दोन्ही झालेल्या, पण अटेस्टेशन नाही. बाळ पाळण्यात आणि बाप कुरियरच्या मागे.

बाळ झालं की इस्पितळातून जन्माची नोंद, मग इथला जन्मदाखला, मग भारतीय वकिलातीत जन्मनोंदणी आणि पासपोर्ट, मग रेसिडेन्स व्हिसा आणि एमिरेट्स आयडी. व्हिसासाठी जन्मापासून १२० दिवस मिळतात, त्यानंतर दंड. पासपोर्ट आला की लगेच उडू नका. व्हिसा लावून मगच निघा, नाहीतर परत आणताना सगळं पहिल्यापासून. विम्याचं म्हणशील तर दुबईत पहिले ३० दिवस बाळ आईच्या पॉलिसीत धरतात. त्या ३० दिवसांत त्याची स्वतःची पॉलिसी घे.

दीड महिना म्हणजे धावपळ. दोन महिने धर. आम्ही साधारण तेवढ्यात गेलो होतो, बाळ पूर्ण वाट झोपलं, रडलो तो मी, लँडिंगच्या वेळी कान दुखून.

नावाचा घोळ आधी मिटवा. दाखल्यावर एक स्पेलिंग, पासपोर्टवर दुसरं असं झालं तर सगळंच अडतं. मतदान लवकर घ्या.

सुईणीची नात:
मी गोव्यात नर्स आहे, बरीच वर्षं प्रसूती विभागात काम केलंय. दोन्हीकडे बाळंतपणं व्यवस्थित होतात, तेव्हा ‘तिथं कोण आहे’ हा प्रश्न जन्मासाठी फारसा लागू नाही. तो जन्मानंतरच्या चाळीस दिवसांसाठी आहे. तुमच्या बायकोनं ते बरोबर ओळखलंय.

गोव्यात यायचं ठरवलं तर ३६ व्या आठवड्याची वाट बघू नका, ३१-३२ पर्यंत या. इथल्या डॉक्टरांना तिला दोन-चार वेळा तरी बघायला मिळालं पाहिजे. फाईल पूर्ण आणा: रक्तगट, सगळे स्कॅन, साखरेचा रिपोर्ट, बीपीच्या नोंदी. मुक्काम वाळपईला असला तरी शेवटचे दोन-तीन आठवडे फोंड्याला राहायला हरकत काय आहे? माहेरचा मान राहील आणि तुमचं ते झाडही आडवं पडणार नाही. १०८ ची ॲम्ब्युलन्स आहेच, पण वेळ हातात असणं वेगळं.

एक गोष्ट आधी विचारून घ्या. सरकारी इस्पितळात कळांच्या वेळी सोबतीला बहुधा बाईमाणूसच ठेवतात, कारण वॉर्डात इतरही बायका असतात. नवरा आत हवा असेल तर खाजगी ठिकाणी आधीच बोलून ठेवा.

आणि तिथं असा किंवा इथं, हे तुम्हाला पाठ हवं: जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा ठिणग्या, चेहऱ्यावर-हातांवर अचानक सूज, रक्त जाणं, पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी वाटणं. यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही, आईला फोन करून विचारायचं नाही, थेट इस्पितळ. दिवसभर ती एकटी असते म्हणालात, तर शेजारच्या एखाद्या घराला हे सांगून ठेवा, किल्लीही द्या.

विमानात पाय सुजतात. मधला नाही, कडेचा सीट घ्या, दर तासाला उठून चालू दे, पाणी भरपूर.

तारवटी_बार्देश:
मी बोटीवर. थोरलीच्या वेळी अटलांटिकमध्ये होतो, सॅटेलाईट फोनवर कळलं. धाकट्याच्या वेळी साइन ऑफ घेऊन, म्हणजे बोट सोडून, आधी आलो, तर साहेब आठवडाभर उशिरा आले आणि मी घरात सगळ्यांच्या पायात पायात. सांगितलेल्या तारखेलाच जन्मणारी बाळं शंभरात चार-पाच, त्यामुळे तारखेवर रजा लावणं म्हणजे मटका.

माझं मत विचारशील तर गोव्यात झालं तर रजा नंतर. जन्म बघायला मिळाला नाही याची चुटपुट लागते, खोटं कशाला बोलू. पण बायकोला विचार, तिला आठवतं ते मी पहिल्या महिन्यात रात्री उठत होतो की नव्हतो ते. तुझ्या केसमध्ये मात्र ती स्वतःच म्हणतेय की कळांच्या वेळी तू पाहिजेस. मग माझं मत गेलं खड्ड्यात, तिचं ऐक.

मावशी_डिचोली:
बाळा, सोयराचं डोक्यातून काढ. मूल दुबईत झालं काय आणि वाळपईत झालं काय, भावबंदांना सोयर लागायचं ते लागतंच, तेव्हा त्यासाठी जागा बदलून उपयोग नाही. आमच्याकडे असं झालं होतं तेव्हा गणपती भटजींच्या हातून पुजून घेतला, आणि एका घरात तर पुढच्या संकष्टीला आणला. तुमच्या घराण्याची रीत काय ते भटजींना आताच विचारा म्हणजे बाबांचा जीव भांड्यात पडेल. ते तारीख विचारतात ती चवथीसाठी नाही हो, काळजीनं विचारतात. पुरुषांना दुसरं काही विचारता येत नाही.

फुलां माळायचा कार्यक्रम (डोहाळजेवण) कधी? सातव्यात असेल तर ती तेव्हा कुठं असणार ते बघा. आईला तिकडे बोलावता येत नाही का? महिन्या-दोन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर येतात ना माणसं. डिंकाचे लाडू बॅगेतून जातात.

शारजाबाब:
मावशींशी सहमत. सासूबाईंना ६० दिवसांच्या व्हिजिटवर ऑगस्टच्या शेवटी बोलाव. जन्म, पहिला महिना आणि थोडी धावपळ केली तर कागदपत्रं, एवढं त्यात बसतं. मग सगळे एकत्रच गोव्याला. तेव्हा पाऊसही सरलेला असेल. व्हिसाचे १८० दिवस त्यानंतर मोजायचे, म्हणजे बायको-बाळ आरामात मार्च-एप्रिलपर्यंत राहू शकतात.

आणि जुलैत पाठवलीस तर हिशेब कर: १५ जुलैला निघाली तर १० जानेवारीपर्यंत परत यावं लागणार. मधे बाळाचा जन्मदाखला, पणजीहून पासपोर्ट, तू इथून काढणार तो एंट्री परमिट. जमतं, पण एखादा कागद अडला की धाबं दणाणतं. पासपोर्टच्या फॉर्मवर आई-बाप दोघांच्या सह्या लागतात, तू गोव्यात असतानाच करून टाक, नाहीतर वकिलातीत शपथपत्र करायला जावं लागेल.

फोंडेकार (धागाकर्ता):
सगळ्यांना देव बरें करूं. लग्नाचा दाखला काढून पाहिला, मागे दोन्ही शिक्के आहेत. सुईणीची नात यांनी दिलेली यादी फ्रिजवर लावलीय, आणि समोरच्या फ्लॅटमधल्या केरळच्या काकूंना किल्ली देऊन आलो. त्यांनी बदल्यात मलाच जेवायला बसवलं.

सासूबाईंना व्हिजिटवर बोलवायची गोष्ट काल कॉलवर काढली. पहिल्यांदा शांतता. मग म्हणाल्या, "चवथीला घर बंद ठेवून कशी येऊ?" पण आज सकाळी त्यांचाच मेसेज आला, पासपोर्टची मुदत संपलीय, नूतनीकरणाला किती दिवस लागतात? तेव्हा आता माझा नवीन प्रश्न: पणजीला साधी अपॉइंटमेंट सध्या किती दिवसांनी मिळते, की तत्काळमध्ये टाकू? आणि उकडे तांदूळ चेक-इन बॅगेतून आणताना कुणाला काही अडचण आली होती का? त्या दहा किलोच्या खाली यायला तयार नाहीत.