लेस पॉल यांच्याआधीची हवाईयन गिटार
इलेक्ट्रिक गिटारचा शोध अमेरिकन गिटारवादक लेस पॉल यांनी लावला असं म्हटलं जातं, ते पटत नाही. त्यांची 'लॉग' ही भरीव लाकडाची इलेक्ट्रिक गिटार १९४० च्या आसपासची. त्याच्या जवळजवळ दहा वर्षं आधी, १९३१ मध्ये, लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज बीचम यांनी 'फ्रायिंग पॅन' या इलेक्ट्रिक गिटारचा नमुना तयार केला होता आणि १९३२ मध्ये अॅडॉल्फ रिकनबॅकर यांच्यासोबत ती विकायलाही काढली. आणि ही होती मांडीवर आडवी ठेवून, तारांवर लोखंडी पट्टी सरकवत वाजवायची हवाईयन गिटार! बीचम स्वतः हवाईयन गिटार वाजवत. वाद्यवृंदात तिचा आवाज बुडून जाई, हीच त्यांची खरी अडचण.

त्यांनी दोन नालाकृती चुंबकांच्या मधून तारा नेल्या आणि खाली तांब्याच्या तारेचं वेटोळं बसवलं. पोलादी तार थरथरली की वेटोळ्यात वीज निर्माण होते आणि अॅम्प्लिफायर तिचा मोठा आवाज करतो. म्हणजे पोकळ लाकडी पेटीची गरजच संपली. अंग चक्क ओतीव अॅल्युमिनियमचं होतं. ते दिव्यांखाली तापलं की सूर हलायचे. पेटंट मिळालं थेट १९३७ मध्ये. तोवर इतर कंपन्यांच्याही गिटारी बाजारात आल्या होत्या. बीचम यांचं नाव मागे पडलं, याचं मला फार वाईट वाटतं.