कोल्ड रूमच्या डिस्प्लेवर ४ अंश, तरी वरच्या फळीवर बर्फ!

लॅबवाली_ताई
आमच्याकडे २ ते ८ अंशांची वॉक-इन कोल्ड रूम आहे. डिस्प्लेवर कायम ४. सोमवारी वरच्या फळीवरून एलायझा या रक्ततपासणीची किट काढली, तर कॉन्ज्युगेटच्या (एन्झाइम जोडलेल्या द्रावणाच्या) बाटलीत बर्फाच्या सुया. दाराजवळच्या रॅकवर थर्मामीटर ठेवला, तर तिथे ९! मेकॅनिक म्हणतो मशीन एकदम ओके. सेटिंग ५ वर नेऊ का? आणि किटचं काय करू?

कॉम्प्रेसरकाका
सेटिंगला हात लावू नका. दाराजवळच्या ९ चे १० होतील, बाकी काही नाही.
किट पंख्यासमोर होती का? कॉम्प्रेसर चालू असताना कॉइलवरून (गार करणाऱ्या नळ्यांवरून) सुटणारी हवा शून्याखालीही जाते. डिस्प्लेचा सेन्सर बहुतेक वेळा कॉइलकडे परतणाऱ्या हवेत असतो, म्हणजे खोलीभर फिरून कोमट झालेली हवा मोजतो. तो खोटं बोलत नाही, फळीवरचं त्याला कळतच नाही.
दाराचं रबरही बघा. फटीत कागद धरून दार लावा आणि ओढा. अलगद निघाला तर रबर गेलं.

लॅबवाली_ताई
पंख्याच्या अगदी तोंडाशी होती, काका. शिवाय खोके छताला टेकलेत (मीच रचलेत, जागा कुठंय?). कागद खालच्या कोपऱ्यात सुळकन निघाला.

नमुनेवाला
मग झालं की निदान! खोके उतरवा, भिंतीपासूनही चार बोटं लांब ठेवा, हवा फिरू दे. पुठ्ठा तसाही दमट होऊन बुरशी धरतो, प्लास्टिकचे क्रेट घ्या.
किटवर ‘वापरू नये’ लिहून बाजूला ठेवा. गोठल्यावर एन्झाइमची ताकद किती उरली ते बाटलीकडे बघून कळत नाही. कंट्रोल (उत्तर आधीच माहीत असलेले नमुने) पास झाले तरी त्यावर पेशंटचा रिपोर्ट मी देणार नाही.
तापमान नोंदवणारा लॉगर एकच नको. वर, खाली, दाराशी, पंख्यासमोर, कोपऱ्यांत असे ठेवून निदान दिवसभराची नोंद घ्या. रोजच्या नोंदीचा सेन्सर ग्लायकॉलच्या (सहज न गोठणाऱ्या द्रवाच्या) बाटलीत बुडवा. दार उघडलं की हवा लगेच तापते, नमुना नाही. उगाचचे अलार्म थांबतील.
आणि ड्राय आइसचा (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचा) डबा आत ठेवत असाल तर आजच बाहेर काढा. बंद खोलीत कार्बन डायऑक्साइड साचतो, माणूस आडवा होतो.

लॅबवाली_ताई
ड्राय आइसचा डबा होता. काढला. रबर शुक्रवारी बदलतायत. वरची फळी रिकामी केलीय, तिथे फक्त पाण्याची एक बाटली ठेवलीय. आज सकाळी तिच्यात बर्फाचा पापुद्रा धरला होता. मेकॅनिकला फोटो पाठवलाय.