उनोसाठी साउंड चिप: माझं मत एसएन७६४८९ला

आर्डुइनो उनो या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाला एवाय-३-८९१० जोडावी की एसएन७६४८९, असं इथे कुणीतरी विचारलंय. दोन्ही सूर काढणाऱ्या जुन्या साउंड चिपा. पहिलीच चिप असेल तर एसएन घ्या. १६ पायांची, एका वेळी तीन चौकोनी लहरींचे सूर आणि एक नॉइज, म्हणजे खरखर, काढते. मध्ये ७४एचसी५९५ ही शिफ्ट रजिस्टर चिप (थोड्या पिनांवरून आठ बिट पाठवणारी) वापरलीत तर उनोच्या पिनाही वाचतात. एक गोम मात्र आहे: डेटाशीटमध्ये डी० ही डेटा पिन म्हणजे सगळ्यात मोठा बिट, एरवी तो सगळ्यात लहान असतो. उलटं जोडून मी अख्खा रविवार घालवलाय!

खरी अडचण खर्जाची, म्हणजे खालच्या सुरांची. क्लॉकला (चिपला मिळणाऱ्या ठोक्यांना) भागून सूर काढणारा एसएनचा टोन डिव्हायडर १० बिटांचा, त्यामुळे ४ मेगाहर्ट्झ क्लॉकवर साधारण १२२ हर्ट्झच्या खाली सूर जातच नाही. क्लॉक २ मेगाहर्ट्झवर आणला तर ६१ हर्ट्झ. एवायचा डिव्हायडर १२ बिटांचा, २ मेगाहर्ट्झवर ती ३० हर्ट्झपर्यंत उतरते. बेसलाइन हवी असेल तर तिचे ४० पाय सोसा. क्लॉकसाठी वेगळा क्रिस्टल नको, उनोचा टायमर २ मेगाहर्ट्झ सहज देतो.

कुणीतरी वायएम३८१२ ही तिसरी साउंड चिपही सुचवलीय. आवाज झकास, पण तिच्या आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करायला वायएम३०१४ हा डीएसी वेगळा लागतो. ती दुसऱ्या प्रोजेक्टला ठेवा. आणि स्वस्तातल्या जुन्या चिपा दोन जास्तीच्या मागवा. मला आलेल्या पाचातल्या दोन नुसतं नाव छापलेल्या, म्हणजे नकली निघाल्या.