गड्ड्याची थंडी आणि हिमयुग

एका मित्राने विचारलंय, "जानेवारीत पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते, मग सोलापुरात संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेला स्वेटर का लागतो?"

जुलैपेक्षा आपण तेव्हा सुमारे ५० लाख किमी जवळ असतो, पृथ्वीला ऊनही जवळजवळ ७ टक्के जास्त मिळतं. पण ऋतू ठरवतो तो पृथ्वीच्या आसाचा कल. मेच्या १० तारखेच्या आसपास भरदुपारी गच्चीवर सरळ उभा डबा ठेवा, सावली बुडाखाली गडप! जानेवारीत ऊन तिरपं पडतं, तोच डबा उत्तरेला लांब सावली टाकतो.

हा कलही स्थिर नाही. ४१ हजार वर्षांत तो साधारण २२.१ ते २४.५ अंशांत हलतो. शिवाय आस भोवऱ्यासारखा डुलतो, म्हणून तर संक्रांत साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. (खरं उत्तरायण २१-२२ डिसेंबरलाच लागतं, पण तीळगूळ कोण आधी वाटणार!)

कडक हिवाळ्याने हिमयुग येतं असं मलाही वाटायचं. सर्बियन शास्त्रज्ञ मिलांकोविचने बोट ठेवलं ते अशा बदलांनी कमी-जास्त होणाऱ्या ६५ अंश उत्तरेकडच्या उन्हाळ्यावर. तो मवाळ पडला की जुना बर्फ पुरता वितळत नाही, त्यावर नवा थर बसतो. पांढरा बर्फ ऊन परत फेकतो, गारठा आणखी वाढतो.

आसाच्या याच डुलण्यामुळे सुमारे ११ हजार वर्षांपूर्वी आपण सूर्याजवळ यायचो ते उत्तरेच्या उन्हाळ्यात. तेव्हा आपला मॉन्सून जोरदार होता, सहारातही तळी होती.