सोटो गेला, पण यांकीज सुधारले का?

जर्सीकर: २०२४च्या डिसेंबरात यांकीजचा स्टार बॅटर हुआन सोटो न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या बेसबॉल टीमकडे, मेट्सकडे गेला, १५ वर्षं, ७६.५ कोटी डॉलर, तेव्हा यांकीजवाले सुतक पाळत होते. माझं स्पष्ट मत, गेला ते बरंच झालं. पिचर (चेंडू टाकणारा) मॅक्स फ्रीड आला (८ वर्षं, २१.८ कोटी), बॅटर बेलिंजर आला, दुसरा बॅटर गोल्डश्मिट तर सव्वा कोटीत. २०२५च्या मार्चमध्ये आमचा मुख्य पिचर गेरिट कोलच्या कोपराचं ऑपरेशन होऊन त्याचा अख्खा सीझन गेला. फ्रीड नसता तर काय केलं असतं? १९ विजय, ५ पराभव आहेत त्याचे. तिकडे सोटो असूनही मेट्स ८३-७९वर अडकले, प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेरीच्या, बाहेर.

नॉर्थस्टँड: अहो, यात शहाणपण कसलं? यांकीजनीच त्याला १६ वर्षांचे ७६ कोटी देऊ केल्याच्या बातम्या होत्या. तो नाही म्हणाला म्हणून ही बाकीची खरेदी. नाइलाजाला धोरण म्हणू नका. आणि मेट्सचं खापर सोटोवर? ४३ होम रन मारले, वर ३८ बेस चोरले. मेट्स बुडाले ते पिचिंगपायी.

जर्सीकर: मग पिचिंगच महत्त्वाचं, याहून मी वेगळं काय म्हणतोय!

लेगस्लिप: दोघंही पैसेच मोजत बसलात. २०२४च्या वर्ल्ड सिरीजची, म्हणजे फायनलची, पाचवी मॅच आठवा. डॉजर्सविरुद्ध यांकीजची ५-० आघाडी, पाचवी इनिंग. जजच्या हातून सोपा कॅच सुटला. वोल्पीचा थ्रो चुकला. मग डॉजर्सच्या बेट्सचा साधा ग्राउंडर (जमिनीलगतचा फटका), आपल्या रिझोने चेंडू घेतला, पण फर्स्ट बेस कव्हर करायला कोल गेलाच नाही, जागेवरून बोट दाखवत राहिला. पाच रन फुकट, मॅच ७-६ने गेली. अशा टीमने हिवाळ्यात आधी काय दुरुस्त करायला हवं होतं? शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फील्डिंगच्या जागेवर, मात्र पुन्हा वोल्पीच!

नॉर्थस्टँड: बरोबर. शिवाय फ्रीडचं एवढं कौतुक चाललंय, पण २०२५च्या प्लेऑफमध्ये टोरँटोविरुद्ध दुसऱ्या मॅचला त्यानेच सात रन दिले. करार संपेल तेव्हा तो ३८चा असेल. कोलचं कोपर डोळ्यासमोर असताना पिचरवर इतकी मदार ठेवायची?

जर्सीकर: सोटो तरी त्याचा करार संपताना कुठे तरुण असणार? त्याची चाळिशी उलटलेली असेल. आणि एका मॅचवरून पिचर मोजायचा असेल तर त्याच्या पाच दिवस आधी बॉस्टनविरुद्ध सहा इनिंगहून जास्त वेळ त्याने एकही रन दिला नव्हता, तेही मोजा.

लेगस्लिप: टोरँटोचा विषय काढलात म्हणून सांगतो. त्यांनी त्याच हिवाळ्यात क्लीव्हलंडहून अँड्रेस हिमेनेझ आणला. तीन गोल्ड ग्लोव्ह (उत्तम फील्डिंगचा पुरस्कार), बॅटिंग यथातथाच. चाहत्यांपैकी कुणी पेढे वाटले नसतील. त्याच टोरँटो सिरीजच्या चौथ्या मॅचला त्याचाच ग्राउंडर, डबल प्लेचा (एका चेंडूत दोघे बाद) हक्काचा चेंडू, यांकीजच्या चिझमच्या ग्लोव्हखालून निसटला. मग टोरँटोच्या लूक्सने दोन रन आणले आणि यांकीजचा सीझन तिथेच आटोपला.