छोट्या ट्री कटिंगच्या धंद्यासाठी स्टंप ग्राइंडर कुठला घ्यावा?

फांदीवाला_पुणे

नमस्कार मंडळी. आमचं पुणे-पिंपरी भागात छाटणीचं आणि परवानगी मिळालेली धोकादायक झाडं उतरवायचं काम आहे. मी, धाकटा भाऊ, चार पोरं, तीन चेनसॉ आणि एक बोलेरो पिकअप, एवढाच पसारा. गिऱ्हाईक म्हणजे सोसायट्या आणि बंगलेवाले. झाड खाली आलं की लगेच विचारतात, बुंध्याचं काय? आत्तापर्यंत जेसीबी बोलवायचो पण निम्म्या ठिकाणी तो गेटमधून आतच येत नाही आणि येतो तिथे पेव्हर ब्लॉक उखडतो नाहीतर पाण्याची लाइन फोडतो, मग ते निस्तरायचं आमच्याच गळ्यात. पोरांच्या हातात पहार-कुऱ्हाड दिली तर एका मोठ्या गुलमोहरात अख्खा दिवस जातो, मजुरीसुद्धा सुटत नाही.

आता स्वतःचं स्टंप ग्राइंडर, म्हणजे दात बसवलेल्या फिरत्या चाकाने बुंधा जागेवरच किसून भुसा करणारं मशीन, घ्यायचा विचार पक्का केलाय. तीन प्रकार दिसतायत, एक हाताने रेटायचं १३ ते १५ एचपीचं पेट्रोल मशीन, दुसरं २५ एचपीच्या पुढचं स्वतः चालणारं आणि तिसरं ट्रॅक्टरच्या मागे लावायचं. डीलर म्हणतो १५ एचपीत सगळं होतं. झाडं आमच्याकडे गुलमोहर, सुबाभूळ, पेल्टोफोरम, रेन ट्री, अशोक, नारळ, मधूनच एखादी चिंच. ज्यांनी प्रत्यक्ष चालवलंय त्यांनीच सांगा प्लीज.

बुंधा_ठाणे

दादा, आम्ही दोन्ही चालवतो, हाताचं पण आणि मोठं पण, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१५ एचपीत सगळं होतं हे खरंच आहे पण किती वेळात ते डीलर सांगत नाही. फूट-सव्वा फुटाचा गुलमोहर किंवा पेल्टोफोरम असेल तर हाताचं मशीन मस्त चालतं, लाकूड मऊ आहे. चिंच किंवा बाभूळ आली की तेच मशीन माणसाला दमवतं, कारण त्यात चाक डावी-उजवीकडे फिरवायचं काम हायड्रॉलिक करत नाही, तुमचे खांदे करतात. दिवसाला एक-दोन बुंधे असतील तर ठीक, पण सोसायटीवाल्याने एकदम दहा बुंधे दाखवले की दुपारनंतर पोरं हँडल सोडतात. आणि दमलेल्या माणसाच्या हातात ते मशीन देऊ नये, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

दुसरं म्हणजे क्लच. बहुतेक छोट्या मशीनवर सेंट्रिफ्युगल क्लच (इंजिनचा वेग वाढला की आपोआप पकडणारा) आणि पट्टा असतो. घाई करून चाक एकदम खोल दाबलं की इंजिनचा आवाज बसतो, क्लच घसरतो, तापतो आणि जळतो. कडेपासून सुरू करायचं, वरून दोन-तीन इंच घ्यायचे, आडवं फिरवायचं, मग खाली उतरायचं, इंजिनचा आवाज पडला की लगेच मागे. मधोमध भोक पाडायला जायचं नाही. हे पोरांना पहिल्या दिवशीच शिकवा.

स्वतः चालणाऱ्या मशीनचं सुख वेगळंच. चाक हायड्रॉलिकने फिरतं, माणूस बाजूला लिव्हरपाशी उभा, काम कितीतरी पट भरभर. छोटी मॉडेल्स साधारण ३५ इंच रुंदीची येतात, म्हणजे बंगल्याच्या बाजूच्या गेटमधून निघतात. काही मशीनची बाहेरची जोडचाकं काढली की मगच ती रुंदी मिळते, ते विचारून घ्या. पण वजन चारशे-पाचशे किलोच्या पुढे, काही तर त्याच्याही बरीच वर, म्हणजे पिकअपला मजबूत रॅम्प हवा आणि टेरेसखालच्या पार्किंगच्या स्लॅबवर चढवायच्या आधी सोसायटीला विचारायला हवं. रबरी ट्रॅकवालं असेल तर पावसाळ्यात चिखलात रुतत नाही, लॉनवर चाकोऱ्याही कमी पडतात.

माझं मत विचाराल तर एचपी नंतर बघा. आधी तुमच्या मागच्या वर्षीच्या कामांची वही काढा आणि प्रत्येक ठिकाणी गेट किती रुंद होतं, बुंधा किती इंचाचा होता, लाकूड कुठलं होतं एवढं लिहून काढा. मशीन कुठलं घ्यायचं ते ती वहीच सांगेल.

द्राक्षबाग_नाशिक

ट्रॅक्टरवाल्याबद्दल मी सांगतो. आमच्याकडे बांधावरच्या बाभळी, जुने आंबे, नीलगिरी काढायला पीटीओवरचंच (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर चालणारं) लावतो, ५४० आरपीएमवर चालतं आणि इंजिनचा वेगळा खर्च नाही. बागेतला लहान ट्रॅक्टर असला तरी मशीन त्याच्या पीटीओ एचपीला जुळणारं घ्यायचं, इंजिनवर लिहिलेला एचपी वेगळा आणि मागे शाफ्टवर मिळणारा त्याहून कमी. शाफ्टला शिअर बोल्ट (जास्त जोर आला की स्वतः तुटणारा) किंवा स्लिप क्लच (जोर आला की घसरणारा) असलाच पाहिजे, नाहीतर दगड लागला की धक्का थेट गिअर बॉक्सला.

शेतात याला तोड नाही. पण पुण्यातल्या बंगल्यात? ट्रॅक्टर उलटा लावायला जागा लागते, मागे बघत मान वळवून काम करावं लागतं, आणि ट्रॅक्टर तुमच्याकडे मुळात नाहीच. मी तुमच्या जागी असतो तर घेतलं नसतं. मावळ-मुळशीच्या फार्महाउसचं काम वाढलं तर तेव्हा भाड्याच्या ट्रॅक्टरवर लावायला बघा.

फांदीवाला_पुणे

खूप आभार दोघांचे. वही काढली. निम्म्याहून जास्त गेट चार फुटांच्या आत आहेत, म्हणजे ट्रॅक्टर बादच. बुंधे बहुतेक फूट ते दोन फूट, पण रेन ट्री आला की एकदम तीन-चार फुटांचा असतो. दातांचा खर्च किती धरायचा? आपल्याकडे जमिनीत दगड फार, मुरूम तर असतोच, त्यात सोसायटीच्या झाडाभोवती बिल्डरने टाकलेलं डेब्रिस.

ओकमेपल_न्यूजर्सी

मी इथे ट्री कंपनीत ग्राउंड क्रूवर आहे, मूळचा साताऱ्याचा. दातांबद्दल नक्की सांगू शकतो.

दाताच्या टोकाला कार्बाइड असतं. लाकडावर आणि मातीवर ते हळूहळू झिजतं, पण दगडावर किंवा सळईवर आपटलं की टवका उडतो, कारण कार्बाइड कडक तितकंच ठिसूळ. गोल तोंडाचे दात मिळतात, ते बोल्ट सैल करून थोडे फिरवले की नवी धार पुढे येते, एका दातातून तीन वेळा काम निघतं. मशीन घेताना असे दात त्या चाकाला बसतात का ते आधी विचारा.

दात बोथट झाले हे भुशावरून कळतं. चांगल्या दातातून जाडसर चिप्स पडतात, बोथट झाले की पीठ पडायला लागतं, मशीन उड्या मारतं आणि इंजिन दमतं. तेव्हाच थांबून बदलायचे, रेटत बसलं तर पट्टा आणि बेअरिंग पण जातं. धार लावायची तर डायमंड किंवा हिरव्या ग्राइंडिंग व्हीलवर लावायची आणि गरम दात पाण्यात बुडवायचा नाही, तडा जातो. तुमच्याकडे भोसरी-चाकणला कार्बाइड टिप ब्रेझिंग (टोक डाग देऊन पुन्हा बसवणं) करणारे असतीलच, त्यांना एक जुना दात नेऊन दाखवा.

आणि दगडावर उपाय मशीनचा नाही, पहारीचा. सुरू करायच्या आधी बुंध्याभोवती वीतभर माती उकरून दगड, विटा, सिमेंट, तार सगळं काढायचं. इथेही हे काम हातानेच करतो. त्यात गेलेला अर्धा तास दातांच्या सेटपेक्षा स्वस्त.

दगड उडतो तो गोळीसारखा. चाकाच्या मागची रबरी झडप फाटली असेल तर काम करू नका, बाजूला प्लायवूडचे पडदे उभे करा, गाड्या हलवून घ्या, फेस शील्ड आणि कानाला मफ. चपलेवर कोणीही जवळ नको.

माडबाग_गुहागर

नारळाबद्दल कोणी बोललंच नाही. माडाचं लाकूड नसतं, धागे असतात, ते चाकाभोवती आणि बेअरिंगपाशी गुंडाळतात. मध्ये मध्ये मशीन बंद करून, प्लगची वायर काढून, कोयतीने धागे कापायचे. वायर काढल्याशिवाय चाकाला हात नाही. माडाला खोल जाणारं सोटमूळ नाही, नुसता मुळांचा गड्डा असतो, म्हणून जागा असेल तर खणून काढणंच परवडतं. आमच्याकडे जांभा दगड वर आलेला असतो तिथे तर ग्राइंडर लावूच नये.

बुंधा_ठाणे

माडाबद्दल बरोबर. वही बघून सांगतो, फूट ते दोन फूट बुंधे आणि चार फुटांच्या आतली गेट असतील तर स्वतः चालणारं, छोटं, २५ एचपीच्या आसपासचं मशीन तुमच्यासाठी. रेन ट्री पण त्यावर निघतो, चारी बाजूंनी फिरून घ्यावा लागतो इतकंच. पैसे आत्ता जमत नसतील तर हाताचं घ्या, पण नावाजलेल्या इंजिनचं, ज्याचा कार्ब्युरेटर आणि फिल्टर कुठेही मिळतो असं, आणि एअर फिल्टर रोज झाडा. नाव नसलेलं स्वस्त मशीन घेतलं तर पट्ट्याचा नंबरसुद्धा सापडत नाही. विकत घ्यायच्या आधी डीलरकडे दातांचा सेट, पट्टा, बेअरिंग आणि दाताचे बोल्ट स्टॉकमध्ये आहेत का ते डोळ्यांनी बघा. "मागवून देतो" म्हणाला तर मशीन महिनाभर गाळ्यात उभं राहणार.

रेट ठरवताना बुंध्याची रुंदी जमिनीलगत मोजा, जिथे सगळ्यात रुंद आहे तिथे. गुलमोहर आणि रेन ट्रीच्या मुळ्या बुडाशी पसरतात, छातीच्या उंचीवर दीड फूट दिसणारं झाड खाली तीन फूट भरतं. कोटेशनमध्ये खोली लिहा. नुसतं लॉन करायचं तर सहा इंच पुरे. वर पेव्हर ब्लॉक बसवायचे असतील तर फूटभर जा, भुसा सगळा बाहेर काढा आणि मुरूम भरून धुमसा, नाहीतर भुसा कुजतो आणि दोन पावसाळ्यांत ब्लॉक खचतात, मग फोन तुम्हालाच. भुसा कोण उचलणार तेही लिहा, खड्ड्यातून निघतो तो मूळ लाकडापेक्षा कितीतरी फुगलेला असतो. त्याच जागी नवं झाड लावायचं म्हणाले तर दोन-तीन फूट बाजूला लावायला सांगा, ताजा भुसा कुजताना मातीतलं नत्र ओढतो आणि रोप पिवळं पडतं. सुबाभळीला मात्र वरवर नको, बुडखा जरा राहिला तरी फुटवे येतात.

केबलचं विसरू नका. महावितरणची केबल, गॅसची लाइन, पाण्याचा पाइप, सोसायटीच्या इलेक्ट्रिशियन आणि प्लंबरला समोर उभं करून खडूने आखून घ्या. आणि तोडायची परवानगी १९७५ च्या झाडांच्या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची असते, त्याची झेरॉक्स बुंधा काढतानाही खिशात ठेवा, शेजारचे येऊन विचारतातच.

फांदीवाला_पुणे

छोटं स्वतः चालणारंच बघतो मग. पुढच्या आठवड्यात डेमो मागितलाय, डीलरने त्याच्याच आवारातला अशोकाचा बुंधा दाखवतो म्हटलंय.

बुंधा_ठाणे

अशोकावर नका घेऊ, त्यावर कुठलंही मशीन पळतं. तुमच्या साइटवरचा चिंचेचा बुंधा द्या, हँडल तुमच्या भावाच्या हातात द्या, आणि मशीन पिकअपमध्ये चढवून उतरवून पण बघा.