तूप कुणाचं? ‘घृता’च्या पोस्टला उत्तर

घटप्रभाकाठ

काल सीमाभागाच्या गटात एक पोस्ट फिरत होती: ‘तूप हा संस्कृत घृताचा मराठी अवतार. कानडी लोकांनी तो आपल्याकडून उचलला आणि तुप्प केला. दुकानावर तुप्प लिहायला लावणाऱ्यांनी आधी शब्दाचं भाडं भरावं.’ खाली नुसती वाहवा. मराठीची चाड आहे म्हणूनच लिहितोय, यातलं पहिलंच वाक्य चूक आहे.

घृताचं प्राकृतात घिअ झालं आणि पुढे घी. ‘घ’चा ‘त’ होत नाही, आणि शेवटचा ‘प’ आणणार कुठून? तूप आलंय प्राकृत ‘तुप्प’वरून. सप्पचा साप, हत्थचा हात, दुद्धचं दूध, तसंच तुप्पचं तूप. जोडाक्षर सुटलं आणि आधीचा स्वर लांबला. बाराव्या शतकात हेमचंद्रानं ‘देशीनाममाले’त संस्कृतातून काढता न येणारे शब्द गोळा केले, त्यात हा आहे. अर्थ दिलाय माखलेला, स्निग्ध. गाथासप्तशती या जुन्या प्राकृत काव्यसंग्रहातही ‘माखलेला’ याच अर्थानं येतो. म्हणजे आधी चोपडणं, मग चोपडायचा पदार्थ.

आता बघा, कानडीत आजही तुप्पच आहे. आपल्यापेक्षा एक पायरी जुनं रूप त्यांच्याकडे टिकलंय. त्यांनी आपलं ‘तूप’ उचलून त्याचं तुप्प केलं असं म्हणायचं, तर उचललेल्या शब्दाला नेमकं जुनं जोडाक्षर परत कसं चिकटलं ते आधी सांगा.

शहापूर पेठ

वा. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात घातलं, तेव्हापासून इथला मराठी माणूस एकेक अक्षरासाठी भांडतोय, २०१४ ला गावाचं नावसुद्धा अधिकृतपणे बेळगावी करून झालं, आणि तुम्ही घरबसल्या तूपही देऊन टाकलंत. प्राकृत म्हणजे कुठली ओ? महाराष्ट्री. गाथासप्तशती कुणाची? प्रतिष्ठानच्या सातवाहनाची. मग तुप्प आपलाच की. तुमच्याच पुराव्यानं आमचं म्हणणं खरं ठरतंय.

अथणीची वाट

महाराष्ट्री प्राकृत म्हणजे आजची मराठी नव्हे, आणि गाथेत शब्द आला म्हणून तो तिथेच जन्मला असंही नव्हे. देशी शब्दाचा अर्थच हा की संस्कृतात त्याचं मूळ सापडत नाही. मग शेजारी बघायला नको? अण्णा, अक्का, अप्पा रोज तोंडात आहेत. अडकित्त्यातला ‘अडके’ म्हणजे कानडी सुपारी. एवढं सगळं घेतलंय, मग तुपापाशीच का अडायचं? तुप्प कानडी आहे, मराठीनं घेतलाय.

घटप्रभाकाठ

@शहापूर पेठ, पोस्टमध्ये ‘घृत’ होतं, आता तुम्ही ‘महाराष्ट्री’ म्हणताय. आधी घृत मागे घ्या, मग पुढचं बोलू.

@अथणीची वाट, अडकित्त्याची आणि तुपाची गोष्ट एक नाही. अडकित्ता, अण्णा, अक्का यांच्यातली जोडाक्षरं अजून शाबूत आहेत, कारण हे शब्द उशिरा आले. तूप मात्र साप-दूध-हातांच्या रांगेतून आलंय. म्हणजे मराठी घडत होती तेव्हाच ते घरात होतं.

दुसरी गोष्ट. तुप्प मुळातला द्राविडी शब्द असेल तर तमिळमध्ये का नाही? तिथे नेय्. तेलुगूत नेय्यि, मल्याळममध्ये नेय्य्. आणि कानडीचा स्वतःचा जुना शब्दही नेय् हाच. तो अजून तुमच्या स्वयंपाकघरात लपून बसलाय. बेण्णे म्हणजे बेळ् अधिक नेय्, पांढरं नेय्, म्हणजे लोणी. एण्णे म्हणजे एळ् अधिक नेय्, तिळाचं नेय्, म्हणजे आधी तिळाचं तेल आणि आता कुठलंही तेल. लोण्यात नेय् आहे, तेलात नेय् आहे, आणि नेमकं तुपाचं नाव निराळं. घरचा शब्द बाजूला सारून नवा बसला की असंच दिसतं.

अथणीची वाट

एण्णे-बेण्णेचं बरोबर आहे, ते नाकारत नाही. पण मोजायचं तर दोन्हीकडे एकाच मापानं मोजा. तमिळ-तेलुगूत नाही म्हणून तुप्प कानडी नाही म्हणता? मग हिंदीत घी, गुजरातीत घी, बंगालीत घि. तूप कुठे आहे तिथे? मराठी आणि कोकणी सोडली तर बहिणींपैकी कुणाच्या रोजच्या तोंडात आहे? तुमच्याच न्यायानं तो मराठीचाही घरचा नाही.

शिवाय कानडीत शब्द किती मुरलाय ते बघा. मध म्हणजे जेनुतुप्प, जेनु म्हणजे मधमाशी. ‘मूगिगे तुप्प सवरु’ म्हणजे नाकाला तूप चोपडणे: वास येत राहतो, जिभेला काही लागत नाही. तुम्ही ‘तोंडाला पानं पुसली’ म्हणता तिथे आमच्याकडे हे. ‘बेण्णे हातात धरून तुप्पासाठी गावभर हिंडला’ ही म्हणही आहे. उसना शब्द इतका खोल जात नाही.

निपाणी नाका

म्हणींवरून मालकी ठरणार असेल तर ‘तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं’ आणि ‘खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी’ यांचं काय करायचं? हा पुरावाच नव्हे.

पण जेनुतुप्पाचा विषय निघालाय तर एक कामाचं. औषधाच्या कानडी चिठ्ठीवर ‘जेनुतुप्पदल्लि’ असेल तर त्याचा अर्थ ‘मधातून’. त्याचं मराठी ‘मध-तुपातून’ असं करू नका. आयुर्वेदात मध आणि तूप समान वजनानं एकत्र घेणं विरुद्ध मानलंय, म्हणजे भाषांतराची चूक थेट कुपथ्य घडवते. आणि लेबलावरच्या ‘जेनुतुप्प’मधलं नुसतं ‘तुप्प’ वाचून ती बाटली तान्ह्या बाळाच्या चाटणासाठी घेऊ नका. आत मध असतो, आणि वर्षाखालच्या बाळाला मध द्यायचा नसतो.

नंदगड बाजार

तुमचं भांडण वाचून डोकं उठलं. फरक शब्दात नाही, पदार्थात आहे. तूप म्हणजे रवाळ, घट्ट. तुप्प म्हणजे पातळ, शेवग्याचा पाला घालून कढवलेलं. दोन पदार्थ, म्हणून दोन शब्द. लोणीसुद्धा लवणावरून आलंय, मीठ घालून ठेवायचे म्हणून.

घटप्रभाकाठ

लवणावरून लोणचं. लोणी नवनीतावरून, वाटेत न-चा ल झाला. दोन्ही एकत्र कालवू नका.

खानापूर घाट

आणि रवाळ-पातळचं तर अजिबात पटत नाही. पातळ की घट्ट हे भाषेवर नाही, उष्णतेवर ठरतं. एकाच पातेल्यातलं तूप उन्हाळ्यात पातळ राहतं आणि थंडीत दगड होतं. कण पडतात ते हळू निवल्यानं. गाळून झालं की न हलवता रात्रभर बाहेर ठेवायचं. बेळगावच्या थंडीत डबा जाड कापडात गुंडाळायचा, म्हणजे एकदम गार होत नाही. गरम डबा फ्रीजमध्ये ढकलला की कण धरत नाहीत, मेणासारखा गुळगुळीत गोळा होतो. म्हशीचं पांढरं आणि मोठ्या कणांचं, गाईचं पिवळं. कानडी घरात कढवलं म्हणून यात काही बदलत नाही.

नंदगड बाजार

कण हळू निवल्यानं पडतात हे मलाही ठाऊक आहे, शिकवू नका. पण उतरवल्यावर पाण्याचे दोन शिंतोडे मारले की रवा धरतो, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. ते तुमच्या माहितीत नाही.

खानापूर घाट

शिंतोडे कधी मारता त्यावर सगळं आहे. तूप नुकतंच उतरवलेलं, पाण्याच्या उकळीपेक्षा चांगलंच गरम असेल, तर थेंब चट्ट करून उडून जातो. ना नफा, ना तोटा, फक्त हात भाजायची भीती. कोमट झाल्यावर मारलात तर पाणी तळाशी बसतं आणि तिथूनच तूप खवट व्हायला लागतं. कढवायचं ते मुळात पाणी घालवण्यासाठीच. ते परत कशाला घालायचं?

निम्म्या तक्रारी त्या आधीच्या असतात. लोणी धुताना पाणी नितळ येईपर्यंत थांबत नाहीत, दोनदा धुऊन पुरे करतात. ताक राहिलं की बेरी, म्हणजे तळाचा गाळ, जास्त पडते, तळाला लागते आणि करपट वास पुऱ्या तुपाला लागतो. १ किलो घरच्या लोण्याचं पाऊण किलोच्या आसपास तूप निघतं. फारच कमी निघालं तर लोण्यात पाणी होतं, तुपाला दोष देऊ नका. पातेलं निम्मं रिकामं हवं, फेस वर येतो. आधी मोठे बुडबुडे आणि तडतड, ते पाणी जातंय. मग आवाज पडतो, बारीक फेस धरतो, बेरी बदामी होते. तेव्हाच उतरवायचं. तपकिरी व्हायची वाट बघितली तर पातेल्याच्या उरलेल्या उष्णतेनं ती काळी होते.

अथणीची वाट

शेवग्याचा पाला म्हणजे नुग्गे सोप्पु. तो वासासाठी असतो, पातळ करायला नव्हे. शेवटच्या फेसाला मूठभर घालायचा, कुरकुरीत झाला की उतरवायचं. विड्याचं पान तर दोन्हीकडे घालतात. ओलं पान घालू नका, तूप अंगावर उडतं.

नंदगड बाजार

बरं. दोन पदार्थ म्हणणं जास्त झालं, मान्य. शिंतोड्यांचं मान्य नाही.

शहापूर पेठ

तुम्ही सगळे बेरी खरवडत बसलात आणि मूळ प्रश्न तसाच राहिला. मराठीचा की कानडीचा? सरळ सांगा.

घटप्रभाकाठ

सरळच सांगतो. वर घी, खाली नेय्, आणि मधे गोदावरीपासून कावेरीपर्यंत तूप-तुप्प. पुरावा एवढंच दाखवतो की शब्द या मधल्या पट्ट्याचा आहे, आणि मराठी-कानडीच्या सीमारेषेपेक्षा जुना आहे.

अथणीची वाट

ही पळवाट झाली. पट्टा भाषा बोलत नाही, माणसं बोलतात. पण तो कानडीतूनच गेला हे मला आज सिद्ध करता येणार नाही, एवढं कबूल करतो. नेय् बाजूला कसा पडला याचं उत्तर माझ्याकडे नाही.

शहापूर पेठ

कालची पोस्ट माझी होती. घृताचं वाक्य काढून टाकतो, ते चुकलं. उचलल्याचंही काढतो. बोर्डाचं वाक्य राहणार. आपल्या पेठेत गिऱ्हाईक ज्या भाषेत तूप मागतं ती अक्षरं पाटीवर मोठी असायला नकोत का?

निपाणी नाका

पाटीसाठी वेगळा धागा काढा, तिथे मीही तुमच्याच बाजूनं लिहीन. इथे एक विचारायचं राहिलं. आपण बेरी म्हणतो, कानडीत नुसतं गसि म्हणजे गाळ. त्यात साखर कालवून खातात त्याला निराळं नाव आहे का? @अथणीची वाट?